पेंटरच्या शिडीची हरकत

मी एक शिडी बोलतेय. सात पायऱ्यांची, साध्या लाकडाची. माणूस माझ्याकडे बघतो ते उंचावरचं काही हवं असलं तरच. चढताना खालच्याला बजावतो, "नीट धर," आणि उतरला की मला पायानेच कोपऱ्यात सरकवतो. त्याचा मला राग नाही. दुसऱ्याला वर चढवणाऱ्याने स्वतः वर जायची आशा धरू नये, एवढं मला सुताराच्या रंध्याखालीच कळलं होतं.

पण सध्या माझ्या अंगावर काहीतरी लिहिलेलं आहे, आणि ते वाचायला एक बाई येणार होत्या. अजून आल्या नाहीत. म्हणून म्हटलं, आपणच बोलावं.

मला केलं ते उस्तादांसाठी. उस्ताद दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांची एक रीत होती. ब्रश पाटीला लावण्याआधी ते माझ्या डाव्या उभ्या दांड्यावर एकच रेघ ओढून बघायचे. कधी उभी, कधी गोल. "हात मोकळा झाला का ते बघावं. पाटीवर चुकलं तर गिऱ्हाईक बघतं, शिडीवर चुकलं तर शिडी कुणाला सांगत नाही." खरंच, मी कधी कुणाला सांगितलं नाही.

विशीतला एक जण त्यांच्याकडे शिकायला आला. त्याचं नाव होतं काहीतरी, पण सगळे त्याला पेंटर म्हणायला लागले आणि तेच चिकटलं. उस्ताद रेघ आखायचे, पेंटर आत रंग भरायचा. रंगाचा एक हात दिला की पेंटरला दुसऱ्याची घाई व्हायची. उस्ताद खालून म्हणायचे, "वाळू दे." दिवसातून दहा वेळा. पुढे तो शब्द पेंटरच्याच तोंडी बसला. जेवण वाढायला उशीर झाला तरी बायकोला म्हणायचा, "असू दे, वाळू दे."

त्या धंद्यात एक कायदा होता, कुठे लिहिलेला नव्हता. रेघ ज्याची, अक्षर त्याचं. भरणारा तो भरणारा. दहा वर्षांनी पाटी विटली, नवा रंग दिला, तरी खालची रेघ ज्याची होती त्याचंच ते अक्षर. आणि पाटीखाली नाव कुणीच टाकायचं नाही. पाटी दुकानाची.

उस्ताद गेले. काही दिवस उलटल्यावर पेंटरने मला भिंतीपासून ओढलं, ब्रश रंगात बुडवला, आणि सवयीने हात डाव्या दांड्याकडे नेला. तिथेच थांबला. मग वळून उजव्या दांड्यावर रेघ ओढली. त्या दिवसापासून डावा दांडा उस्तादांचा, उजवा त्याचा. तीस वर्षं झाली. डाव्यावरचे रंग हळूहळू मातकट झाले आणि उजवा भरत गेला.

आमची खोली एका जुन्या गोदामाच्या तळमजल्यावर होती. शेजारच्या खोलीत शिंपी. त्याला सगळे मास्तर म्हणतात. पँट आखूड करणं, चेन बदलणं हा त्याचा मुख्य व्यवसाय, आणि तोंडाचा पट्टा चालवणं हा जोडधंदा. पुढे यंत्रावर छापलेल्या पाट्या आल्या तशी आमची कामं आटली. महिना महिना मी उभीच. पेंटरची मुलगी कधी आली तर माझ्यावर ओली फडकी वाळत घालायची. रिकाम्या वेळात पेंटर उजव्या दांड्यावर एकटाच अक्षरं काढत बसायचा. ही अक्षरं उस्तादांच्या वळणाची नव्हती. बारीक मानेची, जरा पुढे झुकलेली, कुणाशी तरी बोलायला वाकल्यासारखी. पाटीवर ती त्याने कधीच आणली नाहीत. "गिऱ्हाइकाला चालायचं नाही," म्हणायचा, आणि खरं सांगायचं तर त्याची छाती व्हायची नाही.

मग सरकारचा आराखडा आला. या भागात कलेतून रोजगार वाढवायचा होता. हुन्नर असलेल्या लोकांची नोंद व्हायची, त्यांना जागा मिळायची, बाहेरून लोक बघायला येणार, खरेदी करणार. त्याचं केंद्र म्हणून आमचंच गोदाम निवडलं. कलाकार म्हणून ज्याची नोंद होईल त्याला नव्या केंद्रात खोली, बाकीच्यांनी जागा रिकामी करायची.

"आराखडा म्हणजे आधी खडूने आखायचं आणि मग पुसायचं," पेंटर मास्तरला म्हणाला. "पुसण्यात आपण गेलो नाही म्हणजे मिळवली."

"तू पुसला जाशील कसा?" मास्तर म्हणाला. "सबंध बाजार तुझ्या अक्षरात बोलतो."

पाहणीला एक तरुण बाई आल्या. शांत, नीट ऐकून घेणाऱ्या. त्यांनी आधी मास्तरला विचारलं, "आपण काय करता?"

मास्तरने गळ्यातली टेप सरळ केली. "वस्त्रांची रचना."

"म्हणजे?"

"माणसाच्या आकाराचा विचार करतो, बाई. फार खोल विषय आहे."

बाईंनी लिहून घेतलं. मुलगी दारात उभी होती, तिने हसू येऊ नये म्हणून पदर तोंडाला लावला.

पेंटरची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "चला, बाजारातच दाखवतो." मला खांद्यावर घेतलं आणि निघाला. मला वाटलं, झालं आपलं काम. भांडीवाला, औषधवाला, चष्मेवाला, जिकडे बघावं तिकडे आमचीच पाटी.

"ही तुमची?" बाईंनी भांडीवाल्याच्या पाटीकडे बोट केलं.

पेंटरने मला टेकवलं, चार पायऱ्या चढला आणि खिळ्याने पाटीचा कोपरा खरवडला. वरचा लाल गेला, त्याखालचा निळा गेला, आणि खाली एक बारीक काळी रेघ दिसली.

"ही बघा," तो वरून आनंदाने म्हणाला. "उस्तादांची रेघ. काय हात होता! मी फक्त भरलंय."

असं त्याने अकरा पाट्यांना केलं. चष्मेवाल्याची पाटी तर उस्ताद गेल्यानंतरची, पहिल्यापासून त्यानेच केलेली. तिथे म्हणाला, "वळण त्यांचंच आहे, बाई. माझं कसं म्हणू?" मुलगी खालून मला धरून उभी होती. तिचे हात इतके घट्ट झाले की मला ते लाकडाच्या आत जाणवले.

महिन्याने गोदामाच्या दारावर यादी लागली. मास्तर वस्त्ररचनाकार, खोली क्रमांक चार. पेंटरच्या नावापुढे लिहिलं होतं, स्वतःची कलाकृती: शून्य.

"बाबा, खोटं बोला असं कुणी सांगितलं नव्हतं," मुलगी म्हणाली. "पण एवढं खरवडून खरं बोलायची काय गरज होती?"

"रेघ त्यांचीच होती ना?"

"आणि माणूस? तीस वर्षं उन्हात शिडीवर उभा होता तो कोण होता?"

पेंटर ब्रश धुवत राहिला. ब्रश स्वच्छच होता.

त्याच आठवड्यात आराखड्याचं पहिलं काम सुरू झालं. बाजार एकसारखा दिसावा म्हणून सगळ्या दुकानांना एका मापाच्या, एका रंगाच्या छापील पाट्या. जुन्या उतरवून टेम्पोत टाकल्या. उतरवणाऱ्यांकडे शिडी कमी पडली म्हणून ते मलाच मागायला आले. पेंटरने दिली. "नीट धरा," म्हणाला, "उजवा पाय जरा आखूड आहे तिचा." माझ्या खांद्यावर चढून त्यांनी उस्तादांच्या रेघा खाली काढल्या. मी हलले नाही. हलायला हवं होतं का, हे मी अजून ठरवते आहे.

हरकती आणि सूचना द्यायला तीस दिवस असतात, हे मुलीने शोधून काढलं. अर्जही तिनेच लिहिला. सुनावणीच्या दिवशी तिने मला दोरीने बांधून हातगाडीवर घातलं. मास्तर गाडी ढकलायला आला. "कचेरीत शिडी घेऊन जाणारा तू पहिलाच," तो पेंटरला म्हणाला. "बाकीचे मिळेल त्या माणसाच्या खांद्यावर चढतात."

दारावरच्या शिपायाने मला अडवलं. "पुरावा कागदाचा लागतो. लाकडाचा चालत नाही." मला बाहेरच्या भिंतीला टेकवलं. दार उघडं होतं म्हणून मला ऐकू येत होतं.

"तुमच्या स्वतःच्या हाताची एक तरी वस्तू दाखवा," आत कुणीतरी म्हणालं. आवाज वाईट नव्हता, थकलेला होता.

पेंटर दाराकडे वळला. "बाहेर उभी आहे," तो म्हणाला.

"कोण?"

"शिडी."

आत हशा पिकला. पण पाहणीच्या त्या बाई उठल्या आणि बाहेर आल्या, मागोमाग पेंटर आणि मुलगी. बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी उजव्या दांड्यावर बोट ठेवलं आणि वरपासून खालपर्यंत हळूच फिरवलं. जाड रंगावरून, रेघांवरून, त्या वाकून बोलणाऱ्या अक्षरांवरून. इतकी वर्षं माझ्यावर हात पडले ते धरण्यासाठी. वाचण्यासाठी पडलेला हा पहिलाच.

"हे कुणाचं?"

"डावा दांडा उस्तादांचा," पेंटर म्हणाला. "उजव्यावर मी हात मोकळा करतो. ते कामाचं नाही, बाई. कामाच्या आधीचं आहे."

"पण वळण कुणाचं?"

पेंटर खाली बघायला लागला.

"बाबा," मुलगी म्हणाली.

"माझं," तो म्हणाला. इतकं हळू, की मला वाटलं लाकूडच करकरलं.

बाई म्हणाल्या, "मी नोंद करू शकते. फक्त नियमाप्रमाणे वस्तूवर करणाऱ्याचं नाव लागतं. तुम्ही नाव टाकून ठेवा. महिना संपायच्या आत मी पाहणीला येऊन जाईन, मग यादी बंद होईल." बोलता बोलता त्यांना आतून हाक आली.

पुढच्याच सोमवारी खोली रिकामी केली. आता मी मुलीच्या घराच्या जिन्याखाली आहे. पेंटर पुढच्या खोलीत खाटेवर असतो. मास्तर खोली क्रमांक चारमध्ये बसतो, काचेची भिंत आहे तिला, तो पँट आखूड करतो आणि लोक फोटो काढतात. त्याने खिडकीखालचा एक कोपरा मोकळा ठेवलाय, ब्रशच्या डब्यांसाठी. परवा येऊन म्हणाला, "पेंटर, नाव टाक की. मी तर हल्ली चिंधीवरसुद्धा टाकतो."

नाव टाकायला पेंटर बसला होता, खोली सोडली त्याच आठवड्यात. मुलीने मला आडवं करून दोन खुर्च्यांवर ठेवलं. त्याने काळा रंग घोटला, बारीक ब्रश घेतला. डाव्या दांड्यावर, मातकट झालेल्या रंगांच्या खाली, त्याने उस्तादांचं पूर्ण नाव लिहिलं. त्या बारीक मानेच्या, पुढे झुकलेल्या अक्षरांत. उस्तादांचं नाव कुठेच नव्हतं आजवर. आता आहे.

"आता तुमचं," मुलगी म्हणाली. उजव्या दांड्यावर वीतभर जागा मोकळी होती.

पेंटरने ब्रश पुसला. "वाळू दे," म्हणाला.

बाई, यादी बंद व्हायला आता चार दिवस राहिलेत. तुमच्याकडे अशा कितीतरी पाहण्या असतील, मला कळतं. पण येणार असाल तर जिन्याखाली वाकून बघा, मी तिथेच आहे. आणि दारात उभ्या राहून त्याला एकदा विचारा, हे वळण कुणाचं. तुम्ही विचारलंत तेव्हाच तो बोलला होता. आमच्या विचारण्याने होत नाही. माझी हरकत असेल तर एवढीच आहे, की तुमच्या कागदाला नाव लागतं आणि याला नाव टाकायची सवय कुणी लावली नाही.

वीतभर जागा अजून तशीच आहे. रोज सकाळी तो जिन्याखाली येतो, डाव्या दांड्यावरच्या नावाला बोट लावून बघतो आणि परत जातो.

ते नाव वाळून तीन आठवडे झाले.