तळाचा थर

मी दगड बोलतोय. दगडाला काय कळतं, असं म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणून घ्या. माझं वय तीनशे कोटी वर्षं आहे आणि अपमान गिळायची सवय मला गेल्या चाळीस वर्षांत लागली.

पहिला जीव कसा जन्मला ते मला विचारू नका, मी तिथे नव्हतो. पृथ्वी होऊन दीडशे कोटी वर्षं उलटली तेव्हा मी झालो, आणि तोवर जीव इथे चांगले रुळले होते. मला घडवलं ते उथळ समुद्रातल्या एका बुळबुळीत थराने. डोळ्यांना दिसणार नाहीत असे बारीक जीव, एकमेकांना चिकटून पसरलेले. ना डोकं, ना पोट, ना पाय. उन्हावर जगायचे. लाटेबरोबर गाळ यायचा आणि त्यांच्या अंगावर बसायचा. मग नवे जीव त्या गाळातून वाट काढत उजेडाकडे वर यायचे, जुने खाली राहायचे. झाला एक थर, केसाएवढा. असे हजारो.

त्यांना संत बनवू नका. त्यांच्याच जातीच्यांनी पुढे पाण्यात आणि हवेत एक वायू सोडला, आणि त्या काळच्या कितीतरी जिवांना तो विषासारखा बाधला. त्याच घाणीला तुम्ही प्राणवायू म्हणता आणि छाती फुगवून आत घेता. मोठ्या पेशी, मासे, झाडं, माकडं, तुम्ही, सगळे त्यानंतरचे. तेव्हा मी टेकडीच्या पोटात होतो. पण एक सांगतो, जुन्यांनी नव्यांचा उजेड अडवला नाही. अडवता आला नसेल, तेही खरं.

एका प्राध्यापकाने मला टेकडीवरून उचलून कॉलेजात आणलं. तेव्हा मी बादलीएवढा होतो. टेकडी नंतर फोडून रस्त्याखाली घातली, त्यामुळे माझं दुसरं भावंड नाही. हे प्राध्यापक निवृत्त झाले, तेव्हा कोणाच्या तरी डोक्यात आलं की यांना यांच्याच दगडाची एक चकती कापून द्यावी. चकचकीत पॉलिश, लाकडी बैठक, पितळी पट्टी, टाळ्या. पुढच्याच्या निवृत्तीला पुन्हा एक. वरच्या बाजूने एकेक करत सात काप गेले. उरलो नारळाएवढा. माझा अभ्यास मात्र सातांपैकी एकानेही केला नाही.

तो करायला घेतला एका मुलीने. तीन वर्षं ती माझ्या सुरकुत्या सूक्ष्मदर्शकाखाली बघत होती. प्रश्न एकच: या सुरकुत्या जिवांनी पाडल्या की नुसत्या लाटांनी? उत्तर माझ्या तळाच्या काळ्या पट्ट्यात होतं. जेमतेम दोन बोटं जाड. त्यातून एक पातळ काप घ्यायची परवानगी मिळाली असती, तर तिचा प्रबंध उभा राहिला असता.

आणि विभागप्रमुखांची निवृत्ती आली. यावेळी उरलेला मी अख्खाच द्यायचं ठरलं.

"सर, यावेळी दुसरा दगड घेऊ या ना," ती म्हणाली.

"अगं, परंपरा आहे. माझ्या सरांना मिळाला, त्यांच्या सरांना मिळाला."

"मग निदान तळाचा एक काप आधी मला घेऊ द्या. नखाएवढा."

"आणि मी टवका उडालेला दगड घरी नेऊ? लोक काय म्हणतील?"

"लोक विचारतील सर, यात काय सापडलं."

"तोंड फार चालतं तुझं," ते म्हणाले. "आमच्या वेळी आम्ही मान वर करून बोलत नव्हतो."

खरं होतं. मान वर केली असती तर वरच्या फळीवर मी दिसलो असतो.

तिने जुन्या सातही जणांना फोन केले. एकाने माझा काप दार अडवायला लावला होता. दुसरे म्हणाले, शोकेसची किल्ली सुनेकडे आहे आणि सुनेशी आमचं बोलणं नाही. काप मिळाले असते तरी उपयोग नव्हता, काळा पट्टा त्यांच्यापैकी कोणाकडेच नव्हता.

कापायचं-घासायचं काम कॉलेजातल्या करवतीवरच्या काकांकडे. त्यांनी मला टेबलावर ठेवलं. मी कलंडलो. माझा तळ गोल होता.

"साहेब, हा बसत नाही," काका म्हणाले. "बाजूने सपाट करतो आणि आडवा ठेवतो. तळ वाचेल ताईंचा."

"आडवा? उभाच शोभतो. खालून घास."

"काका, थांबा हो," ती म्हणाली. "सर, तोच पट्टा आहे तो."

"बाळा, विज्ञान कुठे पळून जात नाही. घास रे."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. पाच वर्षांची नोकरी राहिली होती त्यांची. त्यांनी पाणी सोडलं आणि घासायचं यंत्र सुरू केलं. सात मिनिटं लागली. काळं पाणी मोरीत गेलं. तिने वाकून त्यात हात घातला, तर बोटांना नुसता चिखल लागला.

तिने कॉलेज सोडलं. कोणी थांबवलं नाही.

आता मी साहेबांच्या दिवाणखान्यात आहे. पाहुणे आले की ते मला पुढे करतात. "तीनशे कोटी वर्षं! जिवंत गोष्टींनी बनवलाय म्हणे."

"कशावरून?" परवा एका पाहुणीने विचारलं.

"खाली पट्टीवर लिहिलंय ना," साहेब म्हणाले, आणि चहा ओतता ओतता त्यांना आठवलं, "आमच्याकडे एक मुलगी होती यावर काम करणारी. फरशीच्या दुकानात दिसली मला. डोकं होतं, पण चिकाटी नाही हल्लीच्या पोरांत."

चिकाटी! केसाएवढ्या थरांनी वाढलेल्या दगडासमोर हा माणूस चिकाटी सांगतो.

पोरी, तू फरशा दाखवत असशील गिऱ्हाइकांना. ऐकू येत असेल तर ऐक. तुझा प्रश्न बरोबर होता आणि मला उत्तर माहीत आहे. ते जिवंत होते. अगदी तळाच्या थरातसुद्धा. एकेक जण गाळातून वर आला, मी अंगावर सोसलंय. पण दगडाच्या शब्दावर कोणी प्रबंध मान्य करत नाही, आणि पुरावा होता तो सात मिनिटांत मोरीतून वाहून गेला.