सातव्या खांबावर काय लिहिलंय?

पालिकेतल्या इंजिनियरने तळ्याकाठी फिरायला वाट बांधली. गुडघ्यांना त्रास होऊ नये म्हणून मऊ, कुठे चढ नाही, पायरी नाही, दर पन्नास पावलांवर दिव्याचा खांब. पंधरा दिवसांत तिच्यावर फिरली ती फक्त कुत्री.

वस्तीतल्या बायका इमारतीच्या पायऱ्यांवरून हलायला तयार नव्हत्या. त्यांच्या म्होरक्या म्हणजे खुद्द इंजिनियरच्या सासूबाई. दवाखान्यातल्या नर्सने त्यांची साखर तपासली आणि कपाळाला हात लावला.

"वाट झकास आहे हो," ती इंजिनियरला म्हणाली, "पण त्यांनी चालायचं कशासाठी?"

"तब्येतीसाठी!"

"तब्येतीसाठी कोण चालतंय? शेजारी भांडण लागू दे, मग बघा कशा पळतात!"

दोघं वाचनालयात गेली. तिथले ग्रंथपाल दिसायला गरीब गाय, पण आतून महाखोडकर. त्यांनी शेजारणीचं पातेलं परत न करणाऱ्या एका बाईची गोष्ट लिहिली. इंजिनियरने चष्म्याविनाही वाचता येईल अशा ठसठशीत अक्षरांत त्या गोष्टीचे तुकडे खांबाखांबावर लावले. प्रत्येक तुकडा नेमका ऐन रंगात तुटायचा.

सोमवारी नर्स पायऱ्यांपाशी सहज म्हणाली, "तळ्याकाठी कुणाच्या तरी पातेल्याबद्दल लिहिलंय म्हणे."

पायऱ्या रिकाम्या! चौथ्या खांबाशी सासूबाईंचा चेहरा पडला. ग्रंथपालांनी सगळं मनाचंच लिहिलं होतं, पण उसनं पातेलं कुणाच्या घरात नसतं? दुसऱ्या दिवशी वस्तीत पाच पातेली गुपचूप परत गेली.

सासूबाई तडक वाचनालयात. "सातव्या खांबावर लिहिलंय, ती निर्लज्जासारखी हसली. मी मुळीच हसले नव्हते!"

"मग पुढचं तुम्हीच लिहा," ग्रंथपाल म्हणाले.

त्यांनी लिहायला घेतलं. अक्षर नीट लागलंय ना, कोण काय वाचून हसतंय, हे बघायला रोज दोन फेऱ्या. तीन महिन्यांनी साखर उतरली.

"चालण्याचा गुण," नर्स म्हणाली.

"चालतंय कोण? मला कामं असतात!"

पुढच्या सोमवारी नव्या गोष्टीत एक इंजिनियर आला. गावाला मऊ वाटा बांधणारा, पण घरचा गळका नळ वर्षभर तसाच ठेवणारा. जावईबापू पहिल्या खांबाशी थबकले, दुसऱ्याकडे भराभर चालत गेले, तिसऱ्याकडे जवळजवळ पळतच.

त्याच संध्याकाळी नळ दुरुस्त झाला. पण तोवर सगळी वस्ती पाचव्या खांबापर्यंत पोचली होती.