भिंगाखालची बारीक अक्षरं

मी सोरायसिसवरच्या मलमाची ट्यूब बोलतेय. माझ्या पोटाला कात्री लागलेली दिसतेय ना? शेवटचा कण निघावा म्हणून बाईंनी मला उभी चिरली.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी चांगली गुबगुबीत होते. अंगावर कंपनीने दिलेलं झोकदार नाव, वर सोनेरी पट्टा. दुकानात माझी किंमत ऐकून माणसं दचकायची. मला कोडंच पडायचं, माझ्यात असं आहे तरी काय?

मला घरी आणलं शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी. त्यांच्या तळहातांना भेगा पडलेल्या. रेशमी कापड हातात घेतलं की धागा भेगेत अडकायचा, म्हणून त्यांनी रेशमाची कामं घेणंच सोडलं होतं. मी दोन आठवड्यांची सोबतीण. पण बाईंनी मला तीन महिने पुरवलं. हात होते तसेच.

चिरलेली मी त्यांच्या सासऱ्यांच्या नजरेस पडले. ते निवृत्त मुद्रितशोधक. छापलेलं काहीही दिसलं की वाचल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"सूनबाई, हे किती वेळा लावायला सांगितलंय?"

"रोज दोनदा."

"आणि तू?"

"आठवड्यातून दोनदा," बाई पुटपुटल्या. "परवडत नाही, बाबा."

बाबांनी भिंग काढलं. माझ्या झोकदार नावाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत आणखी एक नाव होतं, पुढे टक्केवारी. "अगं, औषधाचं खरं नाव हे! वरचं नुसतं कंपनीचं." माझं खरं नाव मलाही तेव्हाच कळलं.

दोघं मला घेऊन दुकानात गेले. दुकानदारीणबाईंनी बारीक अक्षरं वाचली. "या नावाचं साधं मलम येतं, किंमत निम्म्याहून कमी. पण चिठ्ठीवर कंपनीचं नाव आहे. आधी डॉक्टरांना विचारा."

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही नावं पडताळली आणि चिठ्ठी बदलून दिली. "औषध तेच आहे. पण परवडत नाही, हे आधी का नाही सांगितलंत?"

"विचारायची लाज वाटली."

"लाज कसली? आणि आता रोज दोनदा लावा. बोटाच्या पहिल्या पेरावर मावेल एवढं मलम दोन्ही तळहातांना पुरतं."

महिन्याभरात भेगा मिटत आल्या. परवा बाईंनी रेशमी कापड पुन्हा मशीनवर घेतलं. बाबा शेजारी वाचत बसले होते.

"बाबा," मान वर न करता बाईंनी विचारलं, "तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या तुम्ही रोज घेता ना?"

बाबा सदऱ्याच्या टोकाने भिंग पुसू लागले. बराच वेळ पुसत राहिले.

"आणा ते गोळ्यांचं पाकीट इकडे," बाई उठल्या. "आणि भिंगही आणा."

मी आता रिकामी आहे, उद्या कचऱ्यात जाईन. माझी एवढीच विनंती, औषध पुरवून पुरवून वापरण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारा. आणि घरात आणखी कोण गुपचूप पुरवून वापरतंय, तेही बघा.