हातगुण

विषाणूमुळे रक्तात गाठी धरतात, हे वॉर्डातल्या सगळ्या डॉक्टरांना मान्य होतं. रक्त पातळ करणारं इंजेक्शन कधीपर्यंत द्यायचं, यावर मात्र रोज हमरीतुमरी. त्या डॉक्टरांपैकीच एक असलेल्या ताईचं मत पक्कं होतं: ताप गेला की बंद. तिच्या डोळ्यांदेखत एक पेशंट त्याच औषधामुळे रक्तस्राव होऊन गेली होती, तेव्हापासून तिनं धास्तीच घेतली होती. रक्त तपासणारे म्हातारे डॉक्टर म्हणत, ताप उतरल्यावरही गाठी धरतात, अंथरुणाला खिळलेल्याला तर हमखास. इंजेक्शन एवढ्यात सोडू नका. त्यावर ताई पुरावा मागायची, आणि तो म्हातारबुवांकडे नसे.

अशात तिचे वडीलच वॉर्डात आले, बरे झाले आणि तिच्याच मतानं इंजेक्शन बंद करून घरी गेले. घरी धाकटा भाऊ होता. धंद्यानं शिंपी, पोट सुटलं तरी घरात बारक्याच. ताईनं बजावलं होतं, बाबांना चालव. पण मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाला चालवायचं कसं? त्यानं त्यांना जमिनीला पाय लावू दिला नाही. जेवण अंथरुणात, दाढी अंथरुणात, वर संध्याकाळी पाय चेपून देणं. बाबा ताईला चिडवायचे, "डॉक्टर तू, पण हातगुण बारक्याचा."

एका दुपारी बाबांची पोटरी ठणकायला लागली. बारक्यानं फोन केला, तेव्हा ताई मीटिंगमध्ये त्याच इंजेक्शनावरून तावातावानं भांडत होती. तिनं फोन कापला. मग त्यानं तेल कोमट केलं आणि पोटरी छान चेपून दिली. बरं वाटतंय म्हणत बाबा पडून राहिले, आणि थोड्याच वेळात त्यांना श्वास पुरेना. ताई पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. तिनं चादर बाजूला केली. डावी पोटरी टम्म सुजली होती. पायातली गाठ सुटून फुप्फुसात गेली, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

पुढच्या मीटिंगमध्ये तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, माझं चुकलं. म्हातारे डॉक्टर मान खाली घालून चष्मा पुसत राहिले.

बारक्यानं मात्र मशीनला हात लावला नाही. गिऱ्हाइकं परत जायची. चेपल्यानं पायातली गाठ सुटते, असं त्यानं कुठून तरी ऐकलं होतं. शेवटी एकदा त्यानं विचारलंच, "ताई, मी चेपलं म्हणून गेले का गं बाबा?"

खरं उत्तर कुणालाच देता आलं नसतं. ताई म्हणाली, "ते नुसते उठून बसले असते तरी ती गाठ सुटली असती. इंजेक्शन मी बंद केलं. फोनही मीच कापला."

"मला बरं वाटावं म्हणून बोलतेस."

ताईनं वाद घातला नाही. दिवसभर वॉर्डात उभी होती ती. तिनं चपला काढल्या, त्याच्या समोर बसली आणि पाय त्याच्या मांडीवर ठेवला.

"फार दुखतोय रे. चेप जरा."

बारक्यानं हात मागे घेतले.

"सूज नाही ना?"

"नाही. बघितलंय मी."

तापलेल्या इस्त्रीला हात लावावा तसा त्यानं पोटरीला हात लावला. मग हळूहळू चेपायला लागला, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच हमसून हमसून रडला.