दारातली चप्पल

“ताई, एक विचारू? तुमच्या चित्रांत एकसुद्धा दार बंद कसं नाही?”

फोनवर मानसी होती. मानसी म्हणजे माझी संपादक. वय सत्तावीस, बोलायला गोड आणि करेक्शन्स काढायला खाष्ट.

“म्हणजे काय?” मी तोंडातला ब्रश काढून विचारलं.

“म्हणजे गोष्टीतली मुलगी मांजराचं पिल्लू शोधत बिल्डिंगमधल्या सगळ्यांकडे जाते ना? प्रत्येक पानावर वाक्य आहे, ‘तिने बेल वाजवली, टिंग टाँग!’ आणि तुमच्या चित्रात दार सताड उघडं. समोर काका बसून भाजी निवडतायत. मग तिने बेल वाजवायचीच कशाला?”

मी पानं पुढ्यात ओढली. बारा पानं, नऊ दारं. नऊच्या नऊ उघडी. तिसऱ्या पानावर तर पोरगी बेलवर बोट ठेवून उभी आणि आतली बाई तिला ‘ये’ म्हणून हात करतेय. मला हसूच फुटलं.

“गुरुवारपर्यंत बदलून द्याल? प्लीज? फक्त दारं बंद करायचीयत.”

“देते गं बाई,” म्हटलं आणि फोन ठेवला.

सव्वीस वर्षं मी मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढतेय. लोकांना वाटतं, काय मजा आहे हिची, नुसतं बसून ससे रंगवायचे. त्यांनी एकदा गणिताच्या वर्कबुकमध्ये सत्तेचाळीस आंबे काढून बघावेत. अठ्ठेचाळीस झाले की शाळेतून फोन येतो. एका प्रकाशकाला हत्तीला भुवया हव्या होत्या, त्याशिवाय हत्ती प्रेमळ दिसत नाही म्हणे. दिल्या भुवया. पण दारांबद्दल मला कुणी कधीच बोललं नव्हतं.

त्या दिवशी मी कपाटातली जुनी पुस्तकं काढून बघितली. राजवाड्याचं दार उघडं. म्हातारीच्या झोपडीचं दार उघडं. एका पुस्तकात राक्षस आहे, मुलं खाणारा, त्याच्याही गुहेला फळी आहे आणि ती बाजूला सरकवलेली आहे. इतकी वर्षं मी हे करत होते आणि मला पत्ताच नव्हता.

आता त्यात माझा काय दोष? मी वरळीच्या बीडीडी चाळीत जन्मले, दुसऱ्या माळ्यावर. तिथे सकाळी पाणी आलं की दार उघडायचं आणि रात्री अंथरुणं पडली की लावायचं. दिवसाढवळ्या दार लावलेलं दिसलं की समजायचं, मंडळी गावाला गेलीत. बेल कुणाकडेच नव्हती. जो यायचा तो आधी आत यायचा आणि मग काय काम ते सांगायचा.

आता त्याच आवारात टॉवर उभा राहिलाय आणि आम्हाला बाविसाव्या मजल्यावर घर मिळालंय. मोठं आहे, छान आहे, संडास घरातच आहे. वाईट म्हणेन तर जीभ झडेल. पण दार असं आहे की सोडलं की आपोआप लागतं. वर यंत्र बसवलंय त्याला.

बाबांनी पहिल्याच दिवशी त्यावर इलाज काढला. आपल्या निळ्या रबरी चपलेतली डावी त्यांनी दारात अडकवली. उजवी चपलांच्या कपाटात एकटीच पडून. त्यांना स्वतःला खाली जायचं असलं की सँडल घालायचे, पण ती चप्पल दारातून काढायची नाही.

“बाबा, सोसायटीची नोटीस आलीय. दार बंद ठेवायचं.”

“येऊ दे.”

“अहो, कुत्री-मांजरी येतील. चोर येतील.”

“बाविसाव्या माळ्यार खंयचो चोर येतलो? दम लागान मरतलो तो.”

“मग हवंय कशाला उघडं?”

“गुणाजी येतलो म्हणान. दार बंद दिसला तर परत जातलो तो. तेणा कधी कडी वाजवल्यान नाय, आता बेल वाजवतलो?”

गुणाजीकाका आमच्या समोरच्या चाळीतले. बाबा आणि ते एकाच गिरणीत, एकाच पाळीला. गिरणी गेल्यावर दोघं एकाच सोसायटीत वॉचमन. पन्नासेक वर्षं रोज संध्याकाळी ते आमच्या घरात शिरले आणि “शिवा, चाय झाला?” असं विचारून बसले. आई गेली तेव्हाही तसेच आले, तसेच बसले, फक्त चहाचं विचारलं नाही. त्यांची चाळ पाडलीय, पण नवी बिल्डिंग अजून व्हायचीय, म्हणून तूर्तास मुलाकडे अँटॉप हिलला राहतात. गुडघे गेलेत. सुनेच्या फोनवरून म्हणतात, “येतंय एक दिवस.” कधी ते सांगत नाहीत. चाळीत कुणी सांगून यायचं का?

त्या एका दिवसासाठी बाबा सात महिने दारासमोर खुर्ची टाकून बसले होते. लिफ्ट थांबल्याचा आवाज आला की मान वर. दुसरंच कुणी बाहेर पडलं की मान खाली.

मला ते सोयीचंच होतं, खोटं कशाला बोलू. माझ्या पुस्तकांतले सगळे म्हातारे म्हणजे बाबा. पोस्टमन तेच, जादूगार तेच, शंभर वर्षांचं कासवही तेच. मी गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर आधी पेन्सिलीने काढते आणि बाबा खुर्चीत न हलता बसतात. मजुरी एक कप चहा. कासवाची मान लिफ्टकडे वळलेली आहे, ती त्यामुळेच.

बुधवारी दुपारी बाबा जेवून आडवे झाले. झोपण्याआधी नेहमीसारखं म्हणाले, “गो, दाराकडे लक्ष ठेव हां.”

“ठेवते. झोपा तुम्ही.”

आणि मी कागद घेऊन बाहेर गेले. कारण मोठी पंचाईत अशी की मला बंद दार काढताच येत नव्हतं. दोन दिवस बसून काढलेली नऊ दारं नऊ कपाटांसारखी दिसत होती. बंद दार बाहेरून मी कधी नीट बघितलंच नव्हतं. म्हटलं, समोर ठेवून काढू. चावी गळ्यात अडकवली, बाबांची चप्पल उचलून आत ठेवली, दार लागू दिलं आणि पॅसेजमध्ये स्टूल टाकून बसले.

दार छान जमलं. खालच्या फटीतून येणारा उजेड, डोळ्याएवढं भोक, बेलचं पिवळट बटण. दारावरच्या नावाच्या पाटीत माझंच डोकं दिसत होतं, तेही काढलं. अर्ध्या तासात काम झालं आणि मी खुशीत आत आले. कधी एकदा रंगवते असं झालं होतं मला. सरळ टेबलाशी गेले.

चप्पल परत लावायची राहिली.

पाचला बाबा उठले. चूळ भरून बाहेर आले आणि ओरडले, “दार कोणी लावल्यान?”

मी धावत जाऊन दार उघडलं. बाहेरच्या मुठीला कापडी पिशवी लटकवलेली होती. आत कागदाची पुडी. बाबांनी ती उघडली. आत खाजं होतं, गावाकडचं, गुळाचं, आल्याचं. पण कांड्या नव्हत्या, भरड होती. खलबत्त्यात कुटून आणलेली. बाबांना दात नाहीत आणि त्यांच्यासाठी खाजं कुटून आणणारा माणूस जगात एकच.

“गुणाजी,” बाबा म्हणाले.

मी तशीच अनवाणी लिफ्टने खाली पळाले. वॉचमन म्हणाला, “एक बुजुर्ग आए थे मॅडम. ऊपर गए, तुरंत वापस आ गए. बोले, घर बंद है, सब गाँव गए. टॅक्सी खडी थी उनकी.”

“कितनी देर हुई?”

“दो घंटे.”

दोन तास. म्हणजे मी आत बेलचं बटण रंगवत होते तेव्हा गुणाजीकाका दारापलीकडे उभे होते. मधे दहा पावलं. हाक मारलीही असेल त्यांनी, पण आमचं दार इतकं जाड की बाहेरचं काही आत येत नाही. मला माझीच शरम वाटली.

वर येऊन मी त्यांच्या सुनेला, नम्रताला फोन लावला. मागे गाडीचा घरघराट.

“अगं सुचित्राताई, आम्ही बसमध्ये आहोत. पप्पांना गावी पोचवायला चाललेय मी. बिल्डिंग होईपर्यंत तिकडेच राहतील आता. कालच ठरलं गं. मी म्हटलं, आधी फोन करते, तर म्हणाले, फोन कशाक, जाताना डोकावतंय.”

“कुठपर्यंत पोचलात?”

“पनवेल येईल आता. तुम्ही कुठे बाहेर होतात का?”

म्हटलं, “त्यांच्याकडे दे. बाबांना बोलायचंय.”

मी फोन स्पीकरवर टाकून बाबांच्या हातात दिला. दोघांनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे दोघंही ओरडत होते.

“शिवा! मी ईललंय रे! दार बंद होता!”

“मी भितरच होतंय!”

“काय?”

“भितर! घरातच होतंय!”



“माका वाटला, तू गावाक गेलस.”

“मी खंय जातलंय? तूच चललस.”

“खाजा खा. कुटून आणलंय.”

“खातंय.”

“आता बिल्डिंग झाली की येतंय हां मी. दार उघडा ठेव.”

“ठेवतंय,” बाबा म्हणाले, आणि मग आवाज तुटला. मी पुन्हा तीनदा लावला. घाटाकडे रेंज नसते, असं काहीबाही मी बाबांना सांगत राहिले. गुणाजीकाकांना एकोणऐंशी चालू आहे, बाबांना एक्क्याऐंशी. बिल्डिंगला किती वर्षं लागतात ते दोघांनाही ठाऊक होतं.

“बाबा, माझं चुकलं हो. चित्रासाठी लावलं होतं दार.”

ओरडले असते तर बरं झालं असतं.

“कसा झाला चित्र?” त्यांनी विचारलं.

मी दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं, बेलवरून बोट फिरवलं.

“अगदी बरोबर आसा,” म्हणाले.

रात्री ते जेवले नाहीत. वाटीत थोडी भरड घेतली आणि चमच्याने खात बसले.

गुरुवारी सकाळी मी नऊ बंद दारं पाठवून दिली. दहा मिनिटांत मानसीचा फोन. “ताई, काय सुंदर काढलीयत! खरीखुरी बंद वाटतायत. पहिल्यांदाच एकही करेक्शन नाही हं!” मी बरं म्हटलं.

फोन ठेवून वळले तर बाबा दाराशी वाकलेले. मी आदल्या संध्याकाळीच चप्पल परत घट्ट बसवली होती, ती ओढून काढायच्या खटपटीत होते. मी धावले.

“अहो, काय करताय? राहू दे उघडं. मी कधी लावणार नाही, शप्पथ!”

“नको. धूळ येता.”

चप्पल निघाली. तिच्या टाचेला दाराने खोल खाच पाडली होती. त्यांनी ती पंच्याने पुसली, कपाट उघडलं, उजवीच्या शेजारी नीट जुळवून ठेवली. मागे दार हळूहळू सरकत होतं. ते लागेपर्यंत बाबा पाठमोरे उभे राहिले, आणि मग खुर्ची उचलून खिडकीकडे घेऊन गेले.