बस्ता कोणाच्या नावावर

बाबा गेल्यानंतर मलकापुरातलं आमचं कापडाचं दुकान माझ्याकडे आलं. गिऱ्हाईक आटलं होतं, माणसं सुस्तावली होती. त्यांना उमेद यावी म्हणून मी नियम केला: विक्री ज्याच्या नावावर, बक्षीस त्याला. विक्री थोडी वाढली, पण गादीवरचं बोलणं थांबलं. कोणी कोणाला कपाटातला माल काढून देईना.

अशात सोनाळ्याहून झुंबरबाई लग्नाचा बस्ता घ्यायला आल्या. हंगामातला पहिलाच बस्ता. झुंबरबाई नवरदेवाची आई. सोबत जावा, सुना आणि मान खाली घालून बसलेली नवरी, प्राची. बस्त्यात पहिली साडी कुलदेवीची निघते. ती जो दाखवतो, तोच शेवटच्या टॉवेल-टोपीपर्यंत सगळं दाखवतो; म्हणजे सगळी विक्री त्याच्याच नावावर.

बाबांच्या काळापासून ती साडी दुकानातले सर्वांत जुने विक्रेते शेषरावकाका काढत. त्यांनी हिरवी उलगडली. त्याच वेळी विक्रीवरच्या तरुण करिष्मानं एक लाल साडी झुंबरबाईंच्या मांडीवर टाकली.

"मावशी, ही पाहा. काकांची जुन्या मालातली हाय."

"अन् तिची पहिल्याच पाण्यात रंग सोडते," काका म्हणाले.

झुंबरबाईंनी हात मागे घेतले. "देवीच्या साडीवरून ओढाताण करून राह्यले तुम्ही? एक म्हणते जुनी, एक म्हणते रंग जाते. उठा वो पोरींनो. खामगावात काय दुकानं नाहीत?"

जावा उठल्या. एक चपला शोधू लागली. हा बस्ता असा परत गेला असता, तर सोनाळ्याचं दुसरं कोणी आमची पायरी चढलं नसतं. अशा वेळी मी बाबांकडे पाहायची. आता सगळे माझ्याकडे पाहत होते.

"मावशी, यांची झुंज मीच लावली," मी म्हणाले. "हा बस्ता कोणा एकाच्या नावावर नाही. यापुढे बक्षीस सगळ्यांना सारखं."

"सारखं?" करिष्मा उसळली. "म्या इतके दिवस घसा कोरडा केला, अन् चहा पीत बसणाऱ्यायलेही तेवढंच?"

"आजवरचं तुझं तुलाच मिळेल. यापुढचं सगळ्यांचं."

"मंग मी काऊन राबू, ताई?"

झुंबरबाई उभ्याच होत्या. "ठरलं का तुमचं? आमची गाडी उभी हाय."

काकांनी हिरवी साडी ओढून घेतली, तिची घडी घातली आणि पाठीमागे ठेवली.

"लाल साडी रंग सोडत नाही, बाई," ते म्हणाले. "मी खोटं बोललो." मग करिष्माकडे न बघताच, "दाखव ना मंग. पदर पुरा उलगड."

तिनं पदर उलगडला. झुंबरबाईंनी वाकून काठ बोटांत धरला, चोळून पाहिला, उजेडाकडे नेला.

"हळद-कुंकू आणा," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मग नवरीचा शालू. करिष्मानं एकामागून एक उलगडले. प्राची प्रत्येकाला हात लावी आणि सासूकडे बघून हात काढून घेई. जावांची कुजबुज पुन्हा सुरू झाली. करिष्मा अडली.

"काका," ती हळूच म्हणाली, "तुम्ही पाहता का?"

काका हलले नाहीत.

"सरक तिकडं," ते म्हणाले आणि तिच्या शेजारी येऊन बसले.