कंपनीचं मशीन आणि सुषमाचा डबा

सुषमाचा राग नाकाच्या शेंड्यावर. उधवा गावातल्या लडक्या नावाच्या माणसाची ही पोर, तलासरीकडच्या एका हायस्कुलात लॅब असिस्टंट होती. लॅब असिस्टंट म्हणजे काय, तर नळ्या धुवा, बाटल्या पुसा आणि पाहुणे आले की चहा टाका. पण पोरगी हुशार. डहाणूला राहून तिने रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केला होता, आणि सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात तिने चक्क एक कॉम्प्युटर जोडला.

वापीच्या भंगारवाल्यांकडे कारखान्यांतली जुनी मशीनं यायची. एकाचा बोर्ड घेतला, दुसऱ्याची हार्ड डिस्क, तिसऱ्याचा पत्र्याचा डबा. उरलेलं तिने मुंबईहून आणलं, साडीच्या घडीत गुंडाळून. चार वेळा काही पेटलंच नाही. पाचव्यांदा पडद्यावर अक्षरं उमटली, तेव्हा ती लॅबमध्ये एकटीच मोठ्याने ओरडली. मग मधल्या सुट्टीत नववीच्या पोरी येऊन आपापली नावं टाइप करायला लागल्या.

मुख्याध्यापक प्रल्हाद सरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "शाबास! आपण कॉम्प्युटरचा वर्गच काढू. शिकवायला तूच." झालं. त्या एका शब्दावर बाई तीन महिने तरंगत होती. लॅबवालीची मास्तरीण होणार, याच्यापुढे तिला काही नको होतं.

पण संस्थेचे अध्यक्ष होते गुजराती ललितशेठ. ते लॅबमध्ये आले, डब्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "आ सूं छे? भंगारचा डबा? ना रे ना! पाहुण्यांना हे दाखवायचं? आपण कंपनीचं मशीन आणू, एकदम सीलबंद."

"शेठ, हे चालतंय की!" सुषमा म्हणाली.

"बेन, चालतं तर बैलगाडी पण," शेठ म्हणाले, आणि सर दात काढून हसले. सुषमाला तेव्हाच त्या हसण्याची चीड आली होती.

कंपनीचं मशीन टेम्पोतून आलं ते नेमकं पितृपक्षात. आता पितृपक्षात नवी वस्तू उघडायची कशी? खोकं तसंच ऑफिसात ठेवलं. सुषमा दोनदा सरांकडे गेली. "सर, खड्ड्याखड्ड्यांतून आलंय ते. एकदा लावून तर बघू."

"हात लावायचा नाही! घट बसू दे. ठाण्याहून शिक्षण खात्याचे मोठे साहेब येतायत, त्यांच्या हस्तेच उघडायचं."

म्हणजे मशीन चालतं की नाही हे कुणालाच ठाऊक नाही, आणि पत्रिका मात्र छापून वाटल्या. काय म्हणावं या लोकांना!

दुसऱ्या माळेला कार्यक्रम झाला. मांडव, लाऊडस्पीकर, पुढे पोरं, मागे गावकरी. कंपनीचा माणूस आला होता, शैलेश नावाचा, त्या उकाड्यात टाय घालून. साहेबांनी खोकं उघडलं, मशीनला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, बटण दाबलं. मशीन तीनदा टूं टूं करून गप्प बसलं. पडदा काळाठिक्कर.

सुषमा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिला तो आवाज ओळखीचा होता. आतली मेमरीची पट्टी धक्क्याने हलली असणार, दुसरं काही नाही. ट्रे ठेवून ती पुढे गेली. "मागचे स्क्रू काढते, पट्टी दाबून बसवते. तीन मिनिटांचं काम आहे."

शैलेश आडवाच आला. "मॅडम, सील तोडायचं नाही. सील तुटलं की गॅरंटी गेली. आमचा सर्व्हिसवाला येईल पंधरा दिवसांत."

साहेबांना घाईघाईने ऑफिसात चहाला नेलं. इकडे शेठना घाम फुटलेला. ते सुषमाच्या कानाशी आले. "बेन, तुझा तो डबा आण. टेबलाखाली ठेव, वर नवा पडदा जोड. कोणाला कळते?"

सुषमाच्या डोक्यात तिडीक गेली. कालपर्यंत भंगार, आणि आज गरज पडली तर आण! पण सर हात जोडून म्हणाले, "शाळेच्या अब्रूचा प्रश्न आहे गं. आणि वर्ग तर तुलाच घ्यायचाय." त्या शब्दासाठी तिने लॅबमधून डबा आणला, ती वाकली, टेबलक्लॉथखाली शिरली आणि तारा जोडल्या.

साहेब परतले. पडदा उजळला, साहेबांचं नाव झळकलं, टाळ्यांचा कडकडाट झाला. ललितशेठ माईकवर गेले. "आ जुओ, कंपनीचं मशीन! आणि मशीन तयार तसा मास्तरही तयार. आपले शैलेशभाई सोमवारपासून वर्ग घेणार!"

सुषमा टेबलाशेजारीच उभी होती. तिने सरांकडे पाहिलं. सर चपलेकडे बघत होते.

म्हणजे यांना आधीपासून माहीत होतं! मघाशी हात जोडताना पण माहीत होतं!  तिने टेबलाखाली हात घातला आणि प्लग उपटला.

पडदा काळा झाला. टाळ्या थांबल्या.

"सूं थयू?" शेठ कुजबुजले.

"मास्तर तयार आहे ना? त्याला विचारा," ती म्हणाली, आणि माईक जवळच असल्याने ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. शैलेशने टेबलक्लॉथ उचलून खाली डोकावलं. आत गंजका पत्र्याचा डबा होता. साहेब म्हणाले, "हे काय आहे?"

"हे मी जोडलेलं मशीन आहे, साहेब. आत्ता नाव दिसलं ते याच्यावर. कंपनीचं बंद आहे, आणि बंद का आहे हे बघायची कुणाला परवानगी नाही!"

एवढं बोलून ती थांबली असती तर निभावलं असतं. पण राग आता तिला थांबू देईना. तिने लॅबमधून स्क्रूड्रायव्हर आणला, नव्या मशीनचं सील टरकन फाडलं, पत्रा काढला, अंगठ्याने पट्टी दाबली आणि पडद्याची तार परत त्याला जोडली. "गॅरंटी गई! गॅरंटी गई!" शेठ बोंबलत होते. तिने बटण दाबलं. एकच टूं झालं आणि रंगीत पडदा लख्ख उजळला. पोरांनी मांडव डोक्यावर घेतला.

"घ्या तुमचं मशीन," ती म्हणाली. आपला डबा तिने कडेवर घेतला आणि भर कार्यक्रमातून चालू पडली.

एसटीच्या थांब्यावर सर धापा टाकत आले. "अगं, काय केलंस हे! उद्या ते बिघडलं तर कंपनी हात लावणार नाही. त्या शैलेशला तर काही येतही नाही."

"नाहीच येत."

"मग बघणार कोण?"

"मीच बघणार. दुसरं आहे कोण तालुक्यात? पण चहावाली म्हणून नाही. मास्तरीण म्हणून बोलवा, येईन."

सरांनी मागे शाळेकडे पाहिलं. रस्त्यावर एसटी दिसायला लागली होती. "बरं, शेठशी बोलतो मी. तुला शब्द देतो..."

सुषमाने डबा खाली ठेवला.  "शब्द नको, सर. तुमच्या शब्दावर मी तीन महिने काढले आणि शेवटी टेबलाखाली शिरले. आता कागद आणा. वर शेठची सही आणा."

मग तिने एसटीला हात केला.